भांडं रिकामं देऊ नये

पवनीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर एक स्टूल आणि विजेवर थरथरणारी एक सुई एवढ्या सामानावर धनंजय लांजेवार वीस वर्षं लोकांची नावं टाकत आला होता. लग्नाची परात, बारशाची वाटी, तेरवीला वाटायचे लोटे. माणूस जन्मला काय नि गेला काय, भांडं आधी धनंजयपुढं यायचं. तेरवीच्या लोट्यावर वर गेलेल्याचं नाव आणि खाली देणाऱ्यांची: पत्नी, मुलं, सुना, जावई. अक्षर असं वळणदार की लोक भंडाऱ्याहून भांडी आणत आणि नावं मात्र इथं टाकत. खोड एकच होती. मजकूर संपला की सुई उचलण्याआधी तो एक जादा टिंब देई. भैय्यालाल वस्तादांनी शिकवताना त्यावरून पुष्कळ बोल लावले, पण खोड काही गेली नाही.

गावभर लोकांची नावं टाकणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नावाची पाटी लावायला दार मात्र नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यात पाच भाड्याची घरं. बायको हर्षा प्रत्येक घर सोडताना भिंतीतले आपले खिळे उपटून पुडीत बांधून घेई. चौथीतली गुंजन विचारायची, "आपलं घर कोणतं?" आणि हर्षा ती पुडी दाखवायची. हसत दाखवायची, पण धनंजयला ते हसणं बघवत नसे.

मार्चमध्ये आसगावचं घर विकायला निघालं. मालक गोमाजी बायको वारल्यावर नागपूरला मुलाकडं गेलेले, किल्ली शेजारच्या मंदाबाईंकडं. तीन खोल्या, वर माळा, मागं तलावाची पाळ. धनंजयनं पावसाळ्यात ओल कुठवर चढते ते बघितलं, वासे ठोकले, विहिरीत बादली सोडली. खोट काढायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात पाणी भरायचा एक पितळी गुंड तेवढा राहिला होता. त्याच्या गळ्यावर नाव होतं, 'सौ. रुपा गोमाजी', आणि शेवटी टिंब.

"हा गुंड माह्याच हातचा दिसते," तो म्हणाला.

मंदाबाई हसल्या. "तुमच्या कसा जी? रुपाच्या लग्नातला होय. तवा तुमी जलमले बी नसान."

त्यानं अंगठा फिरवला. अक्षरं सुईची नव्हती, छिन्नीची होती. छिन्नी त्यानं आयुष्यात धरली नव्हती. पण वळण त्याचंच होतं. एखाद्या जुन्या कारागिराचं अक्षर आपल्यासारखं असायचंच, असं म्हणून त्यानं गुंड पालथा घातला.

पुढच्या रविवारी हर्षा आणि गुंजन आल्या. हर्षानं पदर खोचून खिडक्या मोजल्या, देव कुठं ठेवायचे ते ठरवलं, आणि पुडीतला एक खिळा भिंतीला नुसता लावून पाहिला. मंदाबाईंनी चहा आणला, ताटलीत मुरमुरे आणले.

"ताटली तुमचीच हाय," त्या म्हणाल्या. "पाटोड्या धाडल्या होत्या न तुमी त्यात? रिकामी कशी द्याव म्हून रावून गेली."

"आमी अजून राहाले नाही आलो, आजी," हर्षा म्हणाली आणि म्हातारीला विसर पडतो असं समजून नवऱ्याकडं बघून डोळे मिचकावले.

धनंजयनं मुरमुऱ्यांची मूठ उचलली तर काठावर अक्षरं दिसली. 'सौ. हर्षा धनंजय लांजेवार, गृहप्रवेश, अक्षय तृतीया २०२६.' अक्षय तृतीयेला अजून महिना होता. शेवटी टिंब होतं. त्यानं मुरमुरे पुन्हा अक्षरांवर पसरले. घरी परतताना हर्षा इतकी बोलत होती की त्याच्या गप्प राहण्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

इसारपत्राच्या सकाळी तो एकटाच लवकर गेला. माळा बघायचा राहिला होता. वर गोणपाटाखाली भांडी रचलेली होती, बहुतेक हिरवी पडलेली.

पहिली परात. 'चि. गुंजन, दहावी उत्तीर्ण, २०३२.'

दुसरी. 'चि. सौ. कां. गुंजन, शुभविवाह, २०४३.' खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरून आले होते.

मग मोठा डबा. 'सौ. हर्षा व श्री. धनंजय, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, २०६४.'

सगळ्यांत खाली एक लोटा. त्यानं धूळ पुसली.

'कै. धनंजय'

पुढं पुसायचा धीर झाला नाही. लोटा हातातून सुटला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला. शांतपणे बसून डब्यावरच्या २०६४ पर्यंतची वर्षं मोजली असती तर भिण्यासारखं काही नव्हतं हे त्यालाही कळलं असतं. पण स्वतःच्या नावाआधी 'कै.' बघितल्यावर वर्षं कोण मोजत बसतं?

"कागदात घोळ हाय," त्यानं घरी येऊन सांगितलं.

"कोणता घोळ?"

"हाय म्हणलं न."

 हर्षानं खिळ्यांची पुडी परत पेटीत ठेवली. रात्री जेवली नाही.

अक्षय तृतीयेच्या दिवशी, भर दुपारी, मंदाबाई पोतं घेऊन दुकानासमोर उतरल्या.

"घर दुसऱ्यानं घेतलं जी. माळ्यावर तुमची भांडी होती, ते फेकून राहिले होते. म्हटलं, नेऊन द्याव."

"बसा न आजी. हर्षाले सांगतो, तुमी आलत्या म्हून."

मंदाबाईंनी पोतं खाली ठेवलं. "कोन हर्षा जी?"

त्या निघून गेल्या. म्हातारीला विसर पडतो, धनंजय स्वतःशी म्हणाला, आणि त्यानं पोतं सोडलं.

परात गुळगुळीत होती.

दुसरीही. त्यानं ती उन्हात तिरपी धरली, अंगठा फिरवला, नखानं खरवडलं. ओरखडासुद्धा नव्हता.

डबा, ताटली. सगळं कोरं.

लोटा तळाशी होता. रिकामं भांडं देऊ नये म्हणून मंदाबाईंनी त्यात मूठभर तांदूळ घातले होते. ते त्यानं रुमालावर ओतले आणि लोटा फिरवला.

'कै. धनंजय ईश्वर लांजेवार यांचे स्मरणार्थ. इ.स. २०७१.'

म्हणजे त्र्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यानं श्वास सोडला. मग खालच्या ओळीवरची धूळ पुसली, जिथं घरच्यांची नावं टाकायची असतात.

तिथं त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'शेजारी मंडळींकडून', आणि शेवटी टिंब होतं.