पेटीतली सातवी चिठ्ठी

कॅन्सर संशोधन केंद्राची तपासणीची गाडी सकाळी आठला सुटायची, आणि त्या दिवशी पुढे एक अनोळखी पुरुष ऐसपैस बसलेला. ती उशिरा आलेली, केस ओले, खांद्याला तक्त्यांची पिशवी. अशा वेळी तिच्या जिभेला लगाम नसे.

"गाडी बायकांच्या तपासणीची आहे. उतरा खाली."

"उतरतो की," तो म्हणाला. "पण मग चालवणार कोण… तुम्ही?"

नवा ड्रायव्हर होता तो. मागच्या सीटवर नर्सबाई तोंडावर हात धरून हसल्या. ती कानापर्यंत लाल झाली आणि मुक्काम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तो आरशातून बघतोय, हे मात्र तिला न बघता कळत होतं. बाईला ते कळतंच.

तिचं काम जनजागृतीचं. कारखान्यांत, वसाहतींत जायचं आणि गाठ कशी चाचपायची, डॉक्टरांकडे कधी धावायचं, ते बायकांना सांगायचं. बायका चारचौघींत तोंड उघडत नाहीत, म्हणून दाराशी पत्र्याची एक पेटी ठेवलेली असायची. मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहा, नाव नको. शेवटी ती एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायची आणि उत्तर द्यायची. एकही चिठ्ठी गाळायची नाही, हा तिचा नियम. त्या नियमाचा तिला केवढा ताठा!

सुरुवातीला पेटी रिकामीच निघे. मग हा ड्रायव्हरच गुपचूप दोन-तीन चिठ्ठ्या खरडून आत टाकू लागला. हा रोग शेजारणीकडून लागतो का? आधी नवऱ्याला सांगायचं की सासूला? हशा पिकला की बायकांचे हात आपोआप कागदाकडे वळत. परतताना ती त्याला झापायची, अक्षर आहे की कोंबडी नाचलीय म्हणून. त्यावर तो म्हणायचा, मॅडमना वाचता येतं ना, मग झालं.

अख्खं केंद्र तिला ताई म्हणे. हा एकटा म्हणत नसे. एकदा तिनं कारण विचारलं.

"बाकीच्यांना म्हणू द्या की," रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला. "मला नाही जमायचं… ते."

बोलून बोलून तिचा घसा बसे. ती बाहेर आली की तो थर्मासचं झाकण भरून गरम पाणी पुढे करायचा. पाऊस आला की स्वतःचा रेनकोट तिच्या तक्त्यांवर टाकायचा आणि आपण भिजायचा. तिला हे सगळं आवडायचं. पण आवडतं म्हणून सांगायचं कसं? तिची जीभ फक्त टोचायला शिकलेली.

असे आठ महिने गेले. एका कापड कारखान्याच्या कँटीनमध्ये शंभरेक बायका बसल्या होत्या. सहा चिठ्ठ्या झाल्या. सातवी तिनं उघडली आणि पहिल्याच शब्दाला ते कोंबडीचं अक्षर ओळखलं. तो दारात उभा होता, हातात वाफाळतं झाकण घेऊन. ती अक्षर ओळखेल, चिठ्ठी मिटेल, एकदा आपल्याकडे बघेल… एवढाच त्याचा हिशेब. पण ही बाई नियमाची. तिनं ती मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचली.

'तुम्ही सगळ्यांना सांगता, मनात ठेवू नका. मी आठ महिने ठेवलंय. मॅडम, माझ्याशी लग्न कराल?'

कँटीन हसून हसून लोटपोट. शंभर तोंडं उत्तरासाठी तिच्याकडे वळली. तिलाही हसून सोडून देता आलं असतं.

"ज्याला समोर उभं राहून विचारता येत नाही," ती म्हणाली, "त्यानं घरी जाऊन आईचं बोट धरावं. पुढची चिठ्ठी."

टाळ्या पडल्या. तिनं दाराकडे पाहिलं तेव्हा झाकण खिडकीच्या कट्ट्यावर होतं. तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं दुसरा मार्ग मागून घेतलाय. आज खाली जाऊन बोलू, उद्या बोलू, असं तिनं रोज ठरवलं. मग वाटे, येईल तोच, जातोय कुठे. दुखत नाही म्हणून थांबू नका, असं गावभर सांगत फिरणारी बाई स्वतः तीन आठवडे थांबली.

बाविसाव्या दिवशी ती गाड्यांच्या शेडमध्ये उतरली. तो पाइप लावून गाडी धूत होता.

"ती चिठ्ठी… अक्षर ओळखलं होतं मी."

"कुठल्या ओळीला?"

"पहिल्या शब्दालाच."

त्यानं फडकं पिळलं. "मग मिटायची होतीत."

"हो. ते… ते माझं उत्तर नव्हतं."

त्यानं नळ बंद केला. मग हळूहळू सांगितलं: मामांनी स्थळ आणलं होतं, चार दिवसांपूर्वी त्यानं हो म्हटलंय. त्या मुलीचा काय दोष, दिलेला शब्द आता कसा फिरवायचा. तो फिरवणाऱ्यातला नव्हताच. म्हणून तर तो तिला आवडला होता.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"शांत आहे. समोरच्याचं ऐकून घेते."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला उलटून बोलता आलं असतं.

"लग्न झालं की एकदा शिबिराला पाठवा त्यांना," ती म्हणाली. आवाज रोजचा ठेवायला फार जोर लागला.

"तुमच्याच शिबिराला पाठवीन," तो म्हणाला. "नीट समजावून सांगता तुम्ही."

तिनं मान हलवली आणि जिना चढू लागली. अर्ध्यावर पोचली, तेव्हा खाली पुन्हा नळ सुरू झाला.