हिरवी जाळी

“माझं घर नदीत बुडवणाऱ्या बाई तुम्हीच का?”

दारात चिखलानं माखलेले बूट घातलेला उंच माणूस, हातात आमच्याच कार्यालयाची नोटीस. नद्यांची वळणं किती सरकली, ते उपग्रहाच्या चित्रांवरून शोधणं हे माझं काम. माझ्या अहवालात त्याचं घर आणि रोपवाटिका धोक्याच्या तांबड्या रेघेच्या आत होती. महिन्याभरात जागा रिकामी करा!

“मी नाही, नदी बुडवतेय,” मी फणकाऱ्यानं म्हटलं. “बसा, दाखवते.”

मी जुनं आणि नवं चित्र शेजारी-शेजारी उघडलं, तर बसला तो थेट संगणकाच्या पडद्याला नाक लावून. भांडण राहिलं बाजूला.

“हा पांढरा पट्टा कसला?”

“वाळू. नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर वाळू टाकते.”

“अरे वा! म्हणजे माझी जमीन समोरच्याच्या घशात!”

मला हसू आवरेना. तो मात्र पुन्हा पडद्यावर वाकला.

“माझी जाळी कुठंय?”

“कसली जाळी?”

“हिरवी. रोपांना सावली म्हणून फक्त उन्हाळ्यात घालतो. जुन्या चित्रात आहे, नव्यात नाही. म्हणजे नवं पावसाळा सरतानाचं... तेव्हा नदी फुगलेलीच असते हो!”

मी नव्या चित्राची तारीख तपासली, त्याचं खरं होतं. गेल्या उन्हाळ्यात ढगांमुळे स्वच्छ चित्र मिळेना, म्हणून घाईत मी पावसाळ्यानंतरचं घेतलं होतं. फुगलेल्या पाण्यालाच सरकलेला काठ समजले!

साहेबांपुढे चूक कबूल केली, बोलणी खाल्ली, पुन्हा मोजलं. नदी सरकत होती, पण वर्षाला तीनच मीटर. नोटीस रद्द झाली. काठ मोजायला म्हणून मी तिकडे चार खेपा घातल्या. खरं तर दोन पुरल्या असत्या.

“नदीला तुमच्या दारात यायला अजून तेरा वर्षं,” शेवटच्या खेपेला टेप गुंडाळत मी म्हटलं.

“आणि तुम्हाला?”

माझे कान तापले. “मी... मी वरून बघतेच की!”

“मी वाट बघत असलो, तर कळेल वरून?”

टेप पिशवीत कोंबून मी सटकले. घरी येईपर्यंत स्वतःला शंभर शिव्या घातल्या.

पावसाळा सरला. पहिलं निरभ्र चित्र उघडलं आणि – त्याच्या वाफ्यांवर हिरवा चौकोन! अवेळी! मी तडक फोन लावला.

“अहो, वेड लागलंय का? रोपं पिवळी पडतील! काढा ती जाळी!”

“एकट्यानं निघत नाही हो,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही... याल?”

आवडत होता मला तो, लपवायचं कशाला?

“येते,” मी म्हटलं. “आणि या खेपेला टेप आणणार नाही.”