चौदा सुया

शामला दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून कुलुपाशी झटापट करत होती. तेवढ्यात सायकलवरून एक उंच तरुण उतरला आणि घाईघाईनं म्हणाला, "जनावर कुठंय?"

"कुठलं जनावर?"

"तुम्ही आणलेलं."

"मी काही आणलेलं नाही. मी इथं कामाला आहे." शामलानं किल्ली फिरवली, दार ढकललं आणि वळून विचारलं, "तुमचं कुठंय?"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "मी... मी नवा डॉक्टर."

गोकुळपेठेतला तो जनावरांचा दवाखाना म्हाताऱ्या मनोहररावांनी तीस वर्षं चालवला होता. १९७३च्या उन्हाळ्यात डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्यांनी तो मधुसूदनच्या हवाली केला. सोबत माणसंही आली – कंपाउंडर रुपराव, जनावर धरणारा धोंडबा आणि केसपेपर लिहिणारी शामला.

मधुसूदनच्या हाताला गुण होता. भेदरलेल्या वासराशी तो इतकं मऊ बोलायचा, की शामलाची लेखणी कागदावर थांबून राही. माणसांशी मात्र त्याचं बोलणं म्हणजे नुसता हुकूम. "पट्टी." "दोर." "लवकर." अडलेली म्हैस सुटली, की मनोहरराव धोंडबाच्या पाठीवर थाप मारायचे, मधुसूदन नुसता हात धुऊन पुढच्या जनावराकडे वळायचा. दिवाळीपर्यंत रुपरावांनी दुसरीकडे नोकरीसाठी शब्द टाकला होता. धोंडबा रोज उशिरा येऊ लागला होता. शामलानंही रामदासपेठेतल्या एका इस्पितळात अर्ज केला आणि तिथून बोलावणं आलं – एक जानेवारीपासून या. ते पत्र आठवडाभर तिच्या पर्समध्ये पडून होतं. डॉक्टरांना सांगायला गेली, की जीभ अडखळायची. का अडखळते, हे ती स्वतःलासुद्धा विचारत नव्हती.

डिसेंबरातल्या एका सकाळी ताराचंद गवळी गाय घेऊन आला. दोन दिवस चाऱ्याला तोंड नाही, तोंडातून लाळेच्या तारा.

"घशात काहीतरी अडकलंय," मधुसूदन म्हणाला. "धोंडबा, हात घाल."

धोंडबा जागचा हलला नाही. "साहेब, हे गाय अलगच वरडून राहिली. मले हे बरं नाई दिसत."

"डॉक्टर मी आहे की तू?"

धोंडबाच्या बोटाला विळ्याची ताजी जखम होती. त्यानं मुकाट्यानं हात घातला. घशात काही नव्हतं. मग मधुसूदननं घातला. गायीनं मान झटकली आणि बॅटरी धरून उभ्या असलेल्या शामलाच्या मनगटावर लाळ उडाली. आदल्याच दिवशी तिथं मांजरीनं ओरबाडलं होतं.

तासाभरात ताराचंद धापा टाकत परत आला. गाय भिंतीला टकरा देत होती. आणि आता त्याच्या बायकोनं सांगितलं होतं, की महिन्याभरापूर्वी गोठ्यात एक कुत्रं शिरलं होतं. गायीला चावलं होतं.

मधुसूदनचा चेहरा पांढराफटक पडला. "पिसाळलीय ती..." एवढंच तो पुटपुटला. मग त्यानं धोंडबाला नळाखाली ओढलं, हातात साबण दिला, आणि शामलाचं मनगट स्वतःच्या हातांनी धुऊ लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं... साबण झिजला तरी तो थांबेना. त्याची बोटं थरथरत होती. शामलाला पाण्याचा गारवा कळत नव्हता. कळत होता तो फक्त त्या बोटांचा कंप.

दुसऱ्या सकाळी तिघंही सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभी होती. चौदा दिवस, रोज एक सुई, तीही पोटात. एकही चुकवायची नाही. गाय त्याच दिवशी मेली.

रांगेतल्या सगळ्यांसमोर मधुसूदन म्हणाला, "धोंडबा, तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

धोंडबानं मान वळवली.

पाचव्या दिवसापर्यंत पोटावर गाठी आल्या होत्या. कोवळ्या उन्हात, व्हरांड्याच्या कठड्याला टेकून शामला आणि मधुसूदन आपल्या नंबराची वाट पाहत होती.

"तुम्ही जनावरांशी किती गोड बोलता..." शामला म्हणाली, "आमच्याशी का नाही?"

"जनावरं उलट बोलत नाहीत."

"मग मीही हंबरत जाऊ का?"

तो हसला. पहिल्यांदाच – आणि लगेच पोट धरून वाकला. "हसवू नका हो... दुखतं."

"दुखू दे. सहा महिन्यांचं साचलंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. शामलानं घाईघाईनं स्वेटरची बटणं लावायला घेतली, तर ती आधीच लावलेली होती.

नवव्या दिवशी धोंडबा आलाच नाही.

मधुसूदन थेट रुपरावांकडे गेला. रुपराव एकट्यानं दवाखाना ओढत होते. "तो बायकोसंगं गावाकडे गेला, खाप्याजवळ," ते म्हणाले. "कोनी बाबा हाय तिथं, झाडाची मुळी देते म्हणे. काल त्याले जेवढं सांगता आलं तेवढं मी सांगतलं." मग जरा थांबून, "साहेब, हुकूम घेऊन जाऊ नका. तो आयकनार नाई. आन् शामलाबाईले संगं न्या."

एसटीच्या खडखडाटात दोघं एका बाकावर बसली होती. दुपारपर्यंत पोचलं तर संध्याकाळी इस्पितळ बंद व्हायच्या आत परतता येणार होतं. नाही तर...

धोंडबा अंगणात खाटेवर पडला होता. उठला नाही.

"मी नाई येत. पोट दगडावानी झालं माहं. मुळी खाल्ली मी."

"मुळीनं हे बरं होत नाही, धोंडबा—"

"मंग! त्या दिशी मी सांगून राहिलो होतो, आयकलं काय तुमी? आता मी काहून आयकू?"

मधुसूदननं सदरा वर केला. बेंबीभोवती नऊ काळेनिळे डाग होते. तो खाटेशेजारी जमिनीवर बसला.

"ऐकू नकोस. पण मला भीती वाटते, धोंडबा. झोप येत नाही. मला काही झालं तर ते माझ्या कर्मानं. तुला झालं तर तेही माझ्याच कर्मानं. ते मला पेलणार नाही." त्यानं सदरा खाली सोडला. "तुझ्या हाताला कळतं ते माझ्या पुस्तकात नाही. मी कधी म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं."

धोंडबानं खाटेवर कूस बदलली. शेवटी त्याची बायको गोपिकाच पुढं झाली. तिनं त्याच्या वहाणा खाटेखालून ओढून त्याच्यापुढं आदळल्या. "उठा आता! साहेब जमिनीवर बसून राहिले आन् तुमी खाटीवर?"

परतीची गाडी वाटेत दोनदा बंद पडली. दर वेळी शामला खिडकीतून उतरत्या उन्हाकडे पाहत होती. इस्पितळाचा शिपाई दार ओढून घेत होता, तेव्हा मधुसूदननं दारात पाय घातला. धोंडबा आत गेला.

व्हरांड्यात दोघंच उरली.

"रुपराव सांगत होते, एक तारखेला तुम्ही जाणार."

"हो."

"थांबा म्हणायचा मला हक्क नाही. पण... विचारावंसं वाटतं."

"दवाखान्यासाठी?"

"दवाखाना आता मी त्यांना विचारून चालवीन. रुपरावांना, धोंडबाला. त्यासाठी नाही."

"मग?"

तो कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. "आज नाही विचारता येत. सुया लागू पडल्या की नाही ते कळायला महिने जातात. उद्या मला काही झालं तर... तीन महिने जाऊ देत. मग विचारीन."

शामलानं आपलं मनगट त्याच्यापुढं धरलं. ओरखड्यावर खपली धरली होती.

"माझं काय? मीही रोज सकाळी पाण्याचा पेला उचलताना घाबरते. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत जीव मुठीत असतो. तीन महिने घाबरायचंच आहे, तर दोन घरांत वेगवेगळं कशाला घाबरायचं... मधुसूदन?"

त्याच्या नावानं तिनं पहिल्यांदाच हाक मारली होती. त्यानं तिचा हात धरला. त्याची बोटं आता थरथरत नव्हती.

"लग्न करशील माझ्याशी?"

"करीन. नोकरी मात्र रामदासपेठेतच करीन. घरी तू मला 'लवकर, लवकर' म्हणालास तर दिवसभर निदान सुटका."

पोट धरून तो हसत असतानाच धोंडबा बाहेर आला. दोघांच्या हातांकडे त्यानं पाहिलं आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "चाला आता. अजून पाच बाकी हायेत आपल्या."

पाचही झाल्या. हिवाळा सरला, मार्च उलटला, आणि तिघांपैकी कुणाच्याच घशात पाण्याचा घोट अडकला नाही. वैशाखात लग्न झालं. रुपराव दवाखाना सोडून कुठंही गेले नाहीत.