चौथ्या शनिवारचं ऑईल

"ओ दादा... हात धुवायला जरा पाणी मिळंल का?"

ज्ञानदा एका टेम्पोखाली आडवी होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे बूट, आणि नुसत्या बुटांवरून माणसाची परीक्षा करू नये हे त्या बोलणाऱ्याला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. चाकं लावलेल्या फळीवरून सरकत ती बाहेर आली, तोंडावरची बट मनगटाने मागे सारली आणि म्हणाली, "दादा नाही, ताई आहे. नळ तिकडं आहे."

समोरचा तरुण कानापर्यंत लाल झाला. उजवा हात कोपरापर्यंत बरबटलेला, अंगापासून लांब धरलेला.

"चुकलं... होटगीच्या अलीकडं म्हैस अडली होती. पाण्याचा कॅन तितंच संपला."

"डॉक्टर का?"

"जनावरांचा."

ज्ञानदाने स्वतःचे हात बघितले. तेही कोपरापर्यंत काळेच होते. "मग आपलं काम सारखंच की."

"न्हाय हो," तो नळाखाली हात चोळत म्हणाला. "तुमची गाडी लाथ मारत न्हाय."

ती हसली. आणि हसता हसताच तिचा कान त्याच्या जीपकडे गेला. जीप त्याने चालूच ठेवली होती.

"बंद करू नका," ती म्हणाली आणि मान कलती करून ऐकत राहिली. ही अण्णांची सवय. तिचे वडील धोंडीराम, म्हणजे अण्णा, गाडी आधी ऐकायचे आणि मग बघायचे. "कधी घेतली?"

"दोन म्हैने झाले. आमच्या मोहोळच्याच एका ठेकेदाराकडनं. आमच्या काळ्या रानात पाऊस झाला की साधी गाडी जात न्हाय, चारी चाकं ओढणारीच लागती."

"ऑईल कधी बदललं?"

"घेतली तवाच की."

"ते इंजिनचं. बाकीची चार?"

"अजून चार असत्यात व्हय?"

असतात. एक गिअरबॉक्सचं. एक ट्रान्सफर केसचं, म्हणजे जो डबा इंजिनची ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो त्याचं. आणि पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक, मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक, असे दोन डिफरन्शियलचे डबे. प्रत्येकाचं ऑईल वेगळं. इंजिनचं सगळे बदलतात, ही चार सगळे विसरतात. ज्ञानदाने हे सगळं सांगितलं आणि त्याने शाळेतल्या पोरासारखं बोटांवर मोजलं. त्याचं नाव अमृत, तेही मोजता मोजता कळलं.

जीप गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर आली. ज्ञानदा खाली उतरली, दिवा त्याच्या हातात दिला. चारही डब्यांचे वरचे नट उघडून तिने बोट घालून पातळी बघितली. ऑईल सगळीकडे होतं, फक्त म्हातारं झालं होतं. मग तिने गिअरबॉक्सचा खालचा नट सोडला आणि काळी धार ट्रेमध्ये पडायला लागली.

"आधी वरचा नट का उघडला?" अमृतने विचारलं.

"वरून भरायचं, खालून काढायचं. खालचा आधी सोडला, सगळं ऑईल गेलं, आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर? गाडी हितंच. भरता येणार याची खात्री झाल्याशिवाय रिकामं करायचं नाही."

"हे लई शहाणपणाचं हाय."

"अण्णांचं आहे."

अण्णांचं असं बरंच होतं तिथे. होटगी रोडवरचं ते गॅरेज त्यांनी तीस वर्षं चालवलं, आणि चाललं ते पान्यापेक्षा शब्दावर. गिऱ्हाईकाला खोटं सांगायचं नाही. बरी असलेली वस्तू बदलायची नाही. ज्ञानदाने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून बापाच्या शेजारी पाना हातात घेतला, तेव्हा पोरीच्या हाती गाडी द्यायला लोक कचरत होते. अण्णा म्हणायचे, "तिनं सांगितलं म्हंजी मी सांगितलं." तेवढ्यावर गाड्या यायला लागल्या. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे अण्णा तीन आठवड्यांसाठी शुक्रवार पेठेतल्या घरी बसून होते आणि गॅरेज एकट्या ज्ञानदाच्या जिवावर चाललं होतं.

आणि नेमकं तेव्हाच अमृतने विचारलं, "चारी ऑईल बदलायला किती टाईम लागंल?"

खरं उत्तर होतं, दुपारपर्यंत. पण दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. सुटलेला नट हरवू नये म्हणून त्याने तो स्वतःच्या मुठीत धरून ठेवला होता, कुणी सांगितलं नसताना. ज्ञानदाला तो आवडला. का, ते तिला विचारू नका, तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आणि जिभेला तर हाड नसतंच.

"चारही एकदम नाही करत," ती म्हणाली. "गाडीला झेपत नाही. एका शनिवारी एक."

अमृतने गंभीरपणे मान हलवली. "बरोबर हाय. जनावराला तरी एकदम चार औषधं कुटं देतो आपण?"

ज्ञानदाने तोंड फिरवलं आणि ट्रेमधल्या ऑईलकडे बघत बसली.

दुसऱ्या शनिवारी ट्रान्सफर केस. अमृत येताना कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन आला. आईनं दिलंय म्हणाला.

"आईला काय सांगितलंत?"

"गाडीच्या डॉक्टरकडं चाललोय म्हणलं." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "डॉक्टर बाई हाय... ते न्हाय सांगितलं."

"का?"

"भाकऱ्या चारच्या धा दिल्या असत्या की."

तिसऱ्या शनिवारी पुढचं डिफरन्शियल, आणि परतीचा पाऊस. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना, म्हणून दोघं खड्ड्यात जवळजवळ उभे होते. म्हणजे, कारण तेच होतं. नटाच्या टोकाला चुंबक असतो, त्याला लोखंडाची बारीक भुकटी चिकटते. अमृत तो नट फडक्याने पुसत होता, हळूहळू, जनावराच्या डोळ्यातला कचरा काढावा तसा. ज्ञानदा त्याच्या बोटांकडे बघत होती. त्याने वर बघितलं. तिने नजर वळवली नाही... आणि पत्र्यावरचा पाऊस एकाएकी थांबला.

"आता एकच राहिलं," तो म्हणाला.

"हो. एकच."

"मग परत कधी बदलायचं असतं?"

"चाळीस हजार किलोमीटरनं."

चाळीस हजार किलोमीटर म्हणजे दोन वर्षं तरी. तो आठवडा ज्ञानदाला गोड लागला नाही. चौथ्या शनिवारनंतर त्याला बोलवायला तिच्याकडे एकही डबा शिल्लक नव्हता. आणि खोटं बोलून मिळवलेले शनिवार, ते तर आता टोचायला लागले होते. सांगावं म्हणावं तर तो विचारणार, खोटं का बोललात? आणि त्याचं उत्तर एकच होतं.

चौथ्या शनिवारी अण्णा गॅरेजवर आले. डोळ्यावर काळा चष्मा लावून, खड्ड्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. साडेदहाला अमृतची जीप दारातून आत आली आणि अण्णांनी मान कलती केली.

"रामराम. काय काम हाय गाडीचं?"

"मागच्या डिफरन्शियलचं ऑईल बदलायचंय अण्णा. बाकीची तीन झाली."

"मागच्या? आज बदलायचं?"

"व्हय. दर शनिवारी एक. चारी एकदम केली तर गाडीला झेपत न्हाय म्हणल्या मॅडम."

ज्ञानदाच्या हातातला पाना तिथेच थांबला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं म्हणल्या का?" एवढंच बोलले. अमृत जीप खड्ड्यावर घ्यायला गेला तेव्हा त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही अण्णा."

"तीस वर्सात या जागंवर कुणाला खोटं सांगितलं न्हाय मी. लोक तुज्याकडं गाडी देत्यात ती माज्या शब्दावर. उद्या हा माणूस मोहोळात चार जणांत म्हणला, धोंडीरामची पोरगी हेलपाटे घालाय लावती, मग? तुज्या हातातला पाना कोन बघनार?"

"सांगते मी त्यांना."

"गाडी भाईर पडायच्या आत. न्हायतर मी सांगतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांत होते.

ज्ञानदा खड्ड्यात उतरली. मागोमाग दिवा घेऊन अमृत उतरला. तिने वरचा नट उघडला. सहज उघडला, नेहमीपेक्षा सहज, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. खालच्या नटाला पाना लावला आणि तिचा हात थबकला. भरता येईल याची खात्री नसताना रिकामं करायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. आज ती स्वतःचं मन मात्र तशा खात्रीशिवायच रिकामं करायला निघाली होती.

"डॉक्टर, एक सांगायचंय."

"सांगा की."

"मी खोटं बोलले. चारही ऑईल एका दिवसात बदलतात. पहिल्याच शनिवारी दुपारपर्यंत झाली असती." एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. "गाडीला काही धोका नव्हता, पातळी मी बघितली होती. पण तुम्हाला मोहोळपासून चार खेपा घालायला लावल्या. चूक माझी आहे. अण्णांचा यात काही संबंध नाही, ते कधीच खोटं बोलत नाहीत. कुणाला सांगायचं असेल तर माझं नाव सांगा."

अमृतने दिवा नटाच्या आणखी जवळ धरला.

"का केलं, ते विचारा ना," ती नटाकडे बघत म्हणाली.

"का?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

आणि आता वर बघणं शक्य नव्हतं, म्हणून तिने पाना फिरवला. नट सुटला. नेहमीसारखा अमृतने तो मुठीत घेतला. ट्रेमध्ये धार पडायला लागली, आणि ज्ञानदा बघतच राहिली.

काळी नव्हती. मधासारखी पिवळी, नितळ धार. तिने बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी धरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"हे नवं आहे," ती म्हणाली. "आठवड्याचंसुद्धा नाही."

"मंगळवारी बदललं," अमृत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सोमवारी रानातनं येताना मागनं घरघर यायला लागली, घाबरलो. मोहोळात एका मिस्त्रीनं बदलून दिलं. त्याला म्हणलं, एकच बदल, चारी एकदम झेपत न्हाईत. लई हसला तो. च्या पिता पिता हसला."

ज्ञानदाचे कान तापले. "म्हणजे मंगळवारपासून तुम्हाला माहीत आहे."

"व्हय."

"मग आज कशाला आलात? भांडायला?"

"चार दिस इचार केला. ह्या पोरीनं मला तीन शनिवार कशापायी फिरवलं असंल? एक तर धंद्यासाठी, न्हायतर... दुसऱ्या कशासाठी तरी. धंद्यासाठी असंल, तर अजून एक खेप, तीत काय एवढं? पण दुसऱ्यासाठी असंल, आन् मी आलोच न्हाय तर?" त्याने पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघितलं. "मला तुम्ही आवडता, ज्ञानदा. दादा म्हणून हाक मारली त्या दिवसापासनं. खरं तर मीच आधी बोलायला पायजे होतं, पण धीर होईना. नवं ऑईल घेऊन आलो. म्हणलं, ते बघून तुम्ही काहीतरी बोलालच."

ज्ञानदाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. ऑईलचा हात, म्हणून पुसताही येईनात.

"ज्ञाने," वरून हाक आली. खड्डा काही खोल नव्हता आणि अण्णांचे डोळे अजून अधू असले तरी कान शाबूत होते. "ट्रेमधी काय हाय?"

"ऑईल, अण्णा."

"नवं?"

"...नवं."

"ट्रे पुसलेला व्हता का?"

"हो."

"मग फडक्यानं गाळा आन् परत भरा. चांगलं ऑईल सांडायला बसलेत दोघं. गाडी दारात आली तवाच कळलं मला, मागचा डबा नव्या ऑईलवर हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू खरं बोलतीस का, ते बघायचं व्हतं." अण्णा खुर्चीतून पुढे वाकले. "डॉक्टर, आता चाळीस हजार किलोमीटर ह्या गाडीला काय लागत न्हाय. तवर ती हितं आणू नका."

अमृतचा चेहरा पडला. "बरं," तो कसंबसं म्हणाला.

"पुढल्या शनिवारी एस्टीनं या. आईवडलांना घेऊन. शुक्रवार पेठेत, घरी. आमच्याकडं यायला गाडी बिघडावी लागत न्हाय." एवढं बोलून ते मागे टेकले आणि काळा चष्मा नीट बसवत म्हणाले, "आन् आईला सांगा, डॉक्टर बाई हाय म्हणून. भाकऱ्या धा आनू द्या."

भाकरीचं त्यांना कुणी सांगितलं, ते ज्ञानदाने विचारलं नाही. तीन आठवडे रोज रात्री जेवताना ती कुणाबद्दल बोलत होती, ते तिचं तिलाच आता आठवलं.

ट्रेमधली धार थेंबावर आली, थेंबही थांबले. ज्ञानदाने हात पुढे केला.

"नट द्या."

अमृतने मूठ उघडली. नट पुसलेला होता, आणि इतका वेळ मुठीत राहून गरम झाला होता. तिने तो जागेवर लावला, आधी हाताने, मग पान्याने, अण्णांनी शिकवलं होतं तेवढाच घट्ट.