बाराचा आकडा

जांभया द्यायच्या असतील तर आत जाऊन झोपा. मध्ये बोललात तर मी गप्प बसेन, मग कितीही मस्का लावा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हे. त्याला थाप मारायला सांगितली तर आधी लेखी अर्ज मागेल.

तीन वर्षं झाली. डिसेंबरची अकरा तारीख. डिसेंबरात कसलं आलंय वादळ, असं म्हणत लोक निवांत होते. साडू हवामान कचेरीत, वादळाचा माग काढायच्या कामावर. संध्याकाळी त्याने बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, आणि चार वर्षांच्या पोरीला खाडीकाठच्या शाळेत पोचवलं. खालच्या वस्तीतली चारशे माणसं तिथेच हलवली होती. पोरीचा स्वेटर विसरला म्हणून परत घरी जाऊन तो आणून दिला, मग डबा घेऊन कामावर गेला.

नऊला वीज गेली. मोबाइल, इंटरनेट, उपग्रहाची चित्रं, सगळ्याचीच बोंब. उरला वायरलेस आणि कागदाचा नकाशा. समुद्रात पंधरा किलोमीटरवर एका खडकावर चौकी होती. तिथून आप्पा दर तासाला हवेचा दाब आणि वारा सांगायचे, साडू ते वहीत लिहायचा आणि नकाशावर वादळाचा पुढचा ठिपका द्यायचा. आप्पा निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे. आकडा आला नाही तर रकाना कोरा ठेवायचा, हा त्यांचा दंडक. तरुण मंडळी अंदाजाने भरून टाकायची. वही भरलेली दिसते, वरचे साहेब खूश. आप्पांच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला जायची. "न पाहिलेला आकडा लिहिणं म्हणजे खोटी साक्ष देणं," म्हणायचे.

दहाला दाब नऊशे अठ्ठ्याहत्तर. अकराला नऊशे एकोणऐंशी. दाब चढतोय म्हणजे वादळ उत्तरेला सरकतंय, असं धरून साडूच्या जिवात जीव आला.

बाराला चौकी बोललीच नाही. तीनदा हाक मारली. नुसती खरखर. आणि आमच्या शहाण्याने काय करावं? चढत्या हिशेबाने नऊशे ऐंशी लिहून टाकलं आणि ठिपका उत्तरेला दिला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण शाळेतल्या हेडबाईंकडेही एक वायरलेस होता. त्यांना कळवून मोकळा झाला, "वादळ बाजूने चाललंय. वारा पडला की लोकांना घरी सोडा."

एकला वायरलेस आपणहून खरखरला.

"बाराचा आकडा कुणी लिहिला?"

आप्पांचा आवाज. शांत. मागे वारा नाही, लाटा नाहीत. काहीच नाही.

साडूने दाराकडे वळून पाहिलं. वही त्याच्यासमोर. खोलीत तो एकटा. यांना कळलं कसं?

"आप्पा, मी... अंदाजाने..."

"मी बाराला वाचन घेतलेलं नाही. खोड ते."

त्याने खोडलं.

"आता लिही. एकचं. दाब नऊशे एकावन्न. वारा शून्य."

"शून्य?"

"शून्य."

तुम्हाला कळलं नसेल, सांगतो. दाब तळाला गेलेला आणि वारा शून्य, असं एकाच ठिकाणी असतं. वादळाच्या बरोब्बर मधोमध. त्याला डोळा म्हणतात. तिथे झाडाचं पान हलत नाही, लोकांना वाटतं संपलं. मग अर्ध्या-पाऊण तासात उलट्या दिशेने तेच वादळ येतं, आणि या वेळी समुद्राला सोबत घेऊन येतं.

चौकीवर डोळा होता. वादळ उत्तरेला गेलंच नव्हतं. सरळ इकडे येत होतं.

"आप्पा, तुम्ही ठीक आहात ना?"

...

"आप्पा?"

"दारं उघडू देऊ नकोस."

पुन्हा खरखर.

दीड वाजून गेला. कचेरीच्या खिडक्या थडथडायच्या थांबल्या. मग झाडं थांबली. मग सगळंच. एकपासून साडू शाळेला हाका मारत होता, आता कुठे पलीकडून उत्तर आलं.

"मीच बोलणार होते," हेडबाई म्हणाल्या. "वारा पडला. माणसं दाराशी आलीत, सगळ्यांना आपापल्या होड्या बघायच्यात. तुमची मंडळीही पोरीला घेऊन उठलीये. सोडते."

"सोडू नका."

"अहो, बाराला तुम्हीच सांगितलंत."

"खोटं सांगितलं. बाई, तो आकडा मी मनाने लिहिला होता. कुलूप लावा. सगळ्यांना वरच्या मजल्यावर न्या. मला उद्या जोड्याने मारा."

मागे माणसांचा गलका. एका पोरीचं रडणं... ते त्याने ओळखलं.

मग कडी लागल्याचा आवाज.

दोन वाजून दहा मिनिटांनी आलं. उलटीकडून. खाडी शाळेत शिरली. तळमजल्यावरचे फळे बुडाले. वर चारशेच्या चारशे माणसं सुखरूप. सकाळी सहाला पाणी उतरलं, तेव्हा बाईंनी दारं उघडली.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळल्यावर साडू बचाव पथकाच्या बोटीतून चौकीवर गेला. आप्पांचे पाय धरायचे होते त्याला. चौकीच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. तिथला मेकॅनिक जिवंत सापडला, पाय ढिगाऱ्यात अडकलेला.

"साहेब पावणेबारालाच गेले," तो म्हणाला. "छप्पर त्यांच्यावर आलं. वायरलेसचाही चुरा झाला. उजाडेपर्यंत मी त्यांचा हात धरून होतो. गार पडला होता."

"पण एकला बोलले ना ते..."

"इथे कोणी बोललं नाही."

साडू लहान मुलासारखा रडला.

समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत दाब नोंदवायचं यंत्र होतं. किल्लीवर चालणारं. कागद गुंडाळलेलं नळकांडं हळूहळू फिरतं, पेन त्यावर रेघ ओढत राहतं. दर तासाचं वाचन घेतलं की माणूस त्या पेनाला हलकी टिचकी मारतो, रेघेवर बारीक उभी खूण उमटते. पेटीवर छपराची तुळई आडवी पडलेली. चार जणांनी रेटून ती बाजूला केली, तेव्हा कुठे पेटीला हात लागला.

साडूने कागद काढला. दहाची खूण होती. अकराची होती.

बाराची नव्हती.

एकची... होती. दोनची. तीनची. चारची. पाचची. सहाची.

त्यापुढे नुसती रेघ.