कॉफी-बर्फीतला दोरा

“थू! थू! थू!”

नरहरने तोंडात दोन बोटं घातली आणि एक दोरा बाहेर ओढला. दोरा आला, आणखी आला, आणि शेवटी त्याच्या टोकाला चिकटलेला पानाचा एक काळपट तुकडाही आला! टेबलाभोवतीच्या बाकी तिघांची तोंडं जागच्या जागी थांबली.

दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. वर्ध्याच्या त्या मोहल्ल्यातल्या ‘नवयुग कॉफी क्लब’मध्ये चौघं पवनारच्या सहलीचा बेत ठरवायला बसली होती. तेरा वर्षांची इंदिरा, तिचा धाकटा भाऊ नरहर, इंदिरेच्या वर्गातली यशोदा आणि पवनारहून सुट्टीला आलेला यशोदेचा मामेभाऊ चंद्रभान. बेत राहिला बाजूलाच!

“केस आहे का रे?” इंदिरेने नाक मुरडून विचारलं.

“गुलाबी केस कुणाचे असतात, ताई?”

चंद्रभानने दोरा घेतला, नाकाशी नेला आणि लगेच हात लांब केला. “अबे, हा त बिडीचा दोरा हाये! माह्ये आबाजी दिवसभर बिड्या वढते. मले वासानंच समजलं!”

“म्हणजे मी विडी खाल्ली?” नरहर किंचाळला.

आता सांगायलाच हवं की या क्लबची कॉफी-बर्फी म्हणजे मोहल्ल्याची शान होती. तपकिरी, मऊ, जिभेवर ठेवताच विरघळणारी! मोतीलालशेठ ती स्वतः बनवत आणि कृती कुणालाही सांगत नसत. तिचा सगळ्यात मोठा भक्त होता नरहर. दसऱ्यापासून त्याने अकरा वड्या फस्त केल्या होत्या!

“शेठ, बर्फीत दोरा निघाला!” इंदिरेने गल्ल्यावर जाऊन सांगितलं.

“जिरं असन, बेटा,” मोतीलालशेठ न बघताच म्हणाले.

“बर्फीत जिरं? आणि तेही एवढं लांब?”

“तुह्या भावाच्या सदऱ्याचा असन मंग! अन् काचेवरचा हात काढ आधी. पाटी दिसत नाई काय?” त्यांनी बोट दाखवलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मालास हात लावू नये.’

तेवढ्यात यशोदेची आई, आनंदाबाई, डोक्यावर पितळी परात घेऊन आत आल्या. परातीत ताज्या, खुसखुशीत बालूशाह्या होत्या. नवरा गेल्यापासून याच परातीवर त्यांचं घर चालत होतं. सकाळी क्लबला द्यायच्या आणि उरलेल्या मोहल्ल्यात घरोघरी. दिवाळीत तर त्यांच्या चुलीला उसंत नसे.

मोतीलालशेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. “परात वापस न्या, बाई! तुमच्या बालूशाहीनं माह्ये गिऱ्हाईक आजारी पडून राह्यले. पाच जणायचं पोट बिघडलं!”

“माह्या बालूशाहीनं?” आनंदाबाईंनी परात डोक्यावरून खाली घेतली. “दादा, माह्या पोरीले खाऊ घालते तेच इथं आणते मी!”

कोपऱ्यात मोहल्ला कमिटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव डोळे मिटून बर्फी खात होते. त्यांनी एक डोळा उघडला. “गुरुवारी सकाळी इथेच कमिटी बसेल. तोपर्यंत मोहल्ल्यात कुणी तुमचा माल घ्यायचा नाही. आणि कमिटीने तसं ठरवलं, तर कायमचाच बंद!”

एवढं बोलून त्यांनी डोळा पुन्हा मिटला. चौकशी नाही, विचारपूस नाही! आनंदाबाई परात तशीच उचलून निघून गेल्या. यशोदा आईमागे धावली नाही. ती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी पडू लागलं.

“रडू नकोस!” इंदिरा म्हणाली. “गुरुवारला दोन दिवस आहेत. कोण कशाने आजारी पडलं ते आपण शोधून काढू.”

तासाभराने चौघं वही घेऊन घरोघरी फिरत होती. ‘माझा आवडता फराळ’ असा सुट्टीचा निबंध लिहायचाय, ही थाप इंदिरेची. मोठी माणसं निबंधाचं नाव काढलं की काही विचारत नाहीत!

पोस्टमनकाका अंथरुणावर पोट धरून पडले होते. “कॉफी-बर्फी झकास रे! परवा तर त्यात सुपारीसुद्धा निघाली. थोडी चावलेली वाटली खरी.”

“चावलेली?”

“मऊ होती. मला वाटलं, शेठने नवा प्रकार काढला.”

कचेरीतले कृष्णकांत कारकून म्हणाले, “माझ्या वडीत काडी निघाली. आगपेटीची, टोक जळलेली.”

“मग काय केलंत, काका?”

“काय करणार? दात कोरले!”

यशोदेने हसू लपवायला तोंडावर वहीच धरली. पण कळस केला तो रुख्माबाईंनी. “मले त नखावाणी काही लागलं बाप्पा! वेलदोड्याचं साल असन म्हणून गिळून टाकलं.”

“अहो, पण तक्रार का नाही केली?”

“सारेच वाह वाह करून राह्यले होते, मंग मीच कशी बोलू?”

उरलेल्या दोघा आजाऱ्यांनीही बर्फीच खाल्ली होती. नरहर रस्त्याच्या कडेला बसला. “मला मळमळतंय,” तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडवळासारखा दिसत होता.

शेवटी भेटले महादेवराव. एके काळचे पहिलवान, आता तोंडाचं बोळकं झालेले. “बर्फी नाई खात मी. दाताले, मंजे हिरड्याले चिकटते,” ते हसत म्हणाले. “मी क्लबात बसून आनंदाबाईची बालूशाही घेतो. रोज दोन! चावत नाई, त नुसता पाक चोखतो अन् ठेवून देतो बशीत. पोट? पोट एकदम ठणठणीत!”

इंदिरेने वही मिटली. “ऐकलंत? आजारी पडलेल्या पाचही जणांनी बर्फी खाल्ली होती. आणि नुसती बालूशाही खाणारा ठणठणीत! आता त्या बर्फीत जातं काय, ते बघायला हवं.”

क्लबच्या मागे एका व्यापाऱ्याचं कापसाचं आवार होतं. बुधवारी सकाळी तिथे कापसाने भरलेल्या दोन बैलबंड्या भिंतीला लागून उभ्या होत्या. चंद्रभान आणि नरहर त्यातल्या एकीवर चढले आणि कापसात गळ्यापर्यंत रुतून बसले. समोरच क्लबच्या मागच्या खोलीची खिडकी होती.

आनंदाबाईंचा माल बंद केल्यामुळे मोतीलालशेठ आता स्वतःच बालूशाह्या तळत होते. त्या इतक्या दगडासारख्या झाल्या होत्या की गिऱ्हाईक एक घास घेऊन उरलेली बशीत टाकत होतं. वेटर हरिदास आत आला. त्याने कपांच्या तळाशी राहिलेली कॉफी एका पातेल्यात ओतली आणि बशांतले चावलेले तुकडे घमेल्यात टाकले.

“गाईला देत असतील,” नरहर कुजबुजला.

“गाय कुठं हाये इथं? चूप, पाह्य!”

मोतीलालशेठ आत आले. त्यांनी खांद्यावरच्या पंचाने मान पुसली, काखेतला घाम पुसला, आणि तोच पंचा पातेल्यावर धरून सगळी उष्टी कॉफी गाळली! मग दोन्ही हात कोपरापर्यंत घमेल्यात घालून त्यांनी ते चावलेले, चोखलेले, लाळेने भिजलेले तुकडे कुस्करायला सुरुवात केली. मध्येच एक विडीचं थोटूक हाताला लागलं. ते त्यांनी काढून खिडकीबाहेर भिरकावलं. वरून साखर, वरून उष्टी कॉफी, आणि सगळं चुलीवर! शी! असली शिसारी आणणारी गोष्ट त्या दोघांनी जन्मात पाहिली नव्हती. नरहर त्या पांढऱ्याशुभ्र कापसावर ओकला नाही, एवढंच त्याचं कौतुक.

“अकरा!” तो कण्हला. “मी अकरा खाल्ल्या, चंद्रभान!”

चौघं धावतच लक्ष्मणरावांकडे गेली. पण त्यांनी निम्मं ऐकूनच हात झटकला. “मोतीलालशेठ? अरे, त्यांच्यासारखा स्वच्छ माणूस नाही! मालाला कुणाला हात लावू देत नाहीत. जा, फटाके उडवा जा!”

बाहेर आल्यावर यशोदा म्हणाली, “आपलं कोणी नाई ऐकणार. माय रात्रंदिवस राबते, तिचं नाई ऐकलं, त आपलं काय ऐकतीन?”

चंद्रभान सदऱ्याला चिकटलेला कापूस उपटत होता. कापसातली एक सरकी त्याच्या बोटात आली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि एकदम उडी मारली. “सांगायचंच नाई! दाखवायचं! ही सरकी आपल्या उष्ट्या बालूशाहीत खुपसू. उद्या बर्फीत निघाली का झालं!”

“पण सरकी काय, वर्ध्यात उडूनही पडते,” नरहर म्हणाला.

“मग आपली सरकी वेगळी करू!” इंदिरेचे डोळे चमकले. “हळदीत उकळू. पिवळीधमक सरकी कुठल्या कपाशीला लागते?”

दुपारी चौघांनी फटाक्यांच्या पैशांतून चार बालूशाह्या मागवल्या. प्रत्येकाने एक घास कसाबसा घेतला आणि उरलेल्या तुकड्यात आत खोल दोन-दोन पिवळ्या सरक्या दाबल्या. एकूण आठ. हरिदासने बशा उचलून मागच्या खोलीत नेल्या.

गुरुवारी सकाळी कमिटी बसली. लक्ष्मणराव मधोमध, पोस्टमनकाका, कृष्णकांत, रुख्माबाई, महादेवराव आणि मोहल्ल्यातली दहा-बारा माणसं. आनंदाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“सुरुवात गोडानं करू,” म्हणत मोतीलालशेठनी कपाट उघडलं आणि बर्फीचा अख्खा थाळा बाहेर काढला.

इंदिरा पुढे झाली. “शेठ, ही बर्फी तुमच्याशिवाय कुणी हाताळत नाही ना?”

“कोणाची हिंमत हाये? काल सांजच्याले मी स्वतः थापली, स्वतः कुलूप लावलं. किल्ली माह्या कडदोऱ्याले!” शेठनी छाती फुगवून सांगितलं आणि सुरी फिरवली.

“मग कुणी खाऊ नका!” इंदिरा ओरडली. “आधी वडी मोडून बघा!”

पण लक्ष्मणराव अशा बाबतीत कुणासाठी थांबत नसत. पहिली वडी त्यांच्या तोंडात गेली होती. त्यांनी दोनदा चावलं, तिसऱ्यांदा थांबले, आणि जिभेवरून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

“हे काय? सरकी? आणि पिवळी?”

“कापसाचा मोसम हाये, साहेब. उडून आली असन,” शेठ म्हणाले.

“उडून आली, अन् हळद लावून आली काय?” यशोदा कडाडली. एरवी तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचत नसे! तिने मूठ उघडली. तिच्या हातात तशाच पिवळ्या सरक्या होत्या. “आमी काल आमच्या उष्ट्या बालूशाहीत आठ घातल्या होत्या. मोडा ते वड्या! बाकीच्याबी निघतीन.”

कृष्णकांतांनी एक वडी मोडली. एक सरकी निघाली. पोस्टमनकाकांच्या वडीत दोन निघाल्या.

“उष्ट्या?” लक्ष्मणरावांच्या तोंडात अजून अर्धी वडी होती. “उष्ट्या म्हणजे... चावलेल्या?”

“चावलेल्या बालूशाह्या, कपात राहिलेली कॉफी आणि शेठचा घामाचा पंचा!” नरहरने एका दमात सांगून टाकलं. “आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!”

“झूट! सब झूट!” मोतीलालशेठ गरजले. पण हरिदासने कोपऱ्यातून हात जोडले. “खरं हाये, साहेब. मी किती डाव म्हटलं शेठले, गाईले टाकू. आयकलंच नाई.”

आणि मग महादेवराव आपलं बोळकं पसरून म्हणाले, “मंजे... माह्या चोखलेल्या बालूशाह्या तुमी सारे खाऊन राह्यले होते काय?”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हिरड्यांकडे पाहिलं. आणि मग जी पळापळ झाली! लक्ष्मणराव खिडकीशी, कृष्णकांत मोरीशी, पोस्टमनकाका थेट रस्त्यावर! रुख्माबाई “नख! अवं माय, ते नख!” असं ओरडत तोंडात घशापर्यंत बोटं घालत होत्या. ओकाऱ्यांच्या आवाजाने क्लब दणाणून गेला. मोतीलालशेठ त्या गडबडीत मागच्या दाराने सटकायला गेले, तर दारात चंद्रभान हात पसरून उभा! “कुठं निंगाले, शेठ? बर्फी खाऊन जाजो!”

कमिटीने त्याच दिवशी क्लब बंद करायला लावला. चेहरे धुऊन सगळे आनंदाबाईंच्या अंगणात जमले. लक्ष्मणरावांचा आवाज अजून घोगरा होता. “बाई, माझं चुकलं. मी अध्यक्ष, पण डोळे मिटून खात बसलो आणि तुमच्यावर आळ येऊ दिला. डोळे उघडे ठेवले ते या पोरांनी. शाबास रे! दिवाळीचा मोहल्ल्याचा सगळा फराळ आता तुमच्याच हातचा.”

आनंदाबाईंनी ताज्या बालूशाह्यांची परात आणून मधे ठेवली.

पण एकही हात पुढे होईना. कृष्णकांतांनी मान फिरवली, पोस्टमनकाका दोन पावलं मागे सरकले. बालूशाही दिसली की सगळ्यांना ते घमेलंच आठवत होतं! आनंदाबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. आळ गेला होता, पण माल तर तसाच पडून राहणार होता.

यशोदेने परातीतून एक बालूशाही उचलली, दाताने अर्धी तोडली आणि उरलेली इंदिरेपुढे धरली. इंदिरेने ती घेतली आणि सरळ तोंडात टाकली.

“अवं पोरी, उष्टं व्हय ते!” रुख्माबाई ओरडल्या. “आज एवढं पाहूनबी?”

“यशोदेचं आहे,” इंदिरा म्हणाली आणि पाकाने चिकट झालेली बोटं चाटू लागली.

नरहरने तिच्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि एक उचलली. मग चंद्रभानने दोन घेतल्या. शेवटी लक्ष्मणरावांच्यानेही राहवेना, त्यांनी हात पुढे केला.

“थांबा!” आनंदाबाईंनी परात मागे ओढली. “मोठ्या माणसायनं आधी हात धुऊन यावं.”

आणि अध्यक्षांसकट सगळी कमिटी रांगेने विहिरीकडे निघाली.