तळाचे सात वेढे

काल शनिवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं, की आईने जेवणाआधीच दिवा लावला. डॅन्यूबच्या मुखाशी, बोरूच्या बेटांत आमचं गाव आहे. इथे रस्ते नाहीत, कालवे आहेत.

बाबांचं गळाचं रीळ मोडलं होतं, म्हणून त्यांनी लावरेनदादाचं रीळ फळीवरून काढलं. पहाटे ते एकटेच मोठ्या कालव्यावर जाणार होते. दादा मागच्या शरदात तिथेच गेला. होडी मिळाली, रिळासकट गळाची काठी मिळाली. तो मिळाला नाही.

“उस्तिना, जुना तंगूस सगळा काढ. मुळापर्यंत. आणि चुलीत टाक,” बाबा म्हणाले.

पाण्याने नेलेल्या माणसाच्या तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोरीचा, एक वेढाही आमच्याकडे ठेवत नाहीत. ठेवला तर त्या बुडालेल्याला धरायला टोक मिळतं, असं म्हातारी माणसं म्हणतात.

मी काढला, जाळला. घरभर करपट वास सुटला. पण तळाचे सात वेढे मी ठेवले. तिथे दादाने स्वतः मारलेली गाठ होती. दादा डावखुरा, त्याच्या गाठीचा पीळ नेहमी उलटा पडायचा. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. त्या वेढ्यांच्या टोकाला मी गुपचूप नवा तंगूस जोडला.

मग नव्या तंगुसाच्या गुंड्यात, तो फिरावा म्हणून, पेन्सिल घालून मी समोर बसले आणि ओल्या फडक्यातून तंगूस सोडू लागले. बाबा रिळाची मूठ फिरवू लागले.

“ताण ठेव. सैल भरला तर उद्या गुंता मलाच सोडवावा लागेल.”

“बापलेक रीळ भरताय की कालवा खणताय?” चुलीपाशी आई म्हणाली. “माशाचं सूप काय तुमच्यासाठी थांबणारेय?”

बाबा हसले. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

किर्र... किर्र... गुंडा फिरत होता. हळूहळू फडकं जड झालं. त्याला गाळाचा वास येऊ लागला. तंगूस जोरात ओढला गेला आणि माझं बोट चिरलं.

“बाबा... हळू...”

मी वर पाहिलं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“मी कधीचा थांबलोय, पोरी...”

मूठ आपोआप फिरत होती.

“मी... तळाचे सात वेढे ठेवलेत, बाबा. दादाची गाठ होती...”

आईच्या हातातला डाव थांबला. बाबांनी सुरी तंगुसावर टेकवली. बराच वेळ ते तसेच बसले. मग डोळे मिटून त्यांनी कापलं. मूठ थांबली.

रिळात गेलेला सगळा तंगूस आम्ही उपसून जमिनीवर टाकला. तळाशी सात वेढे नव्हते. माझी गाठही नव्हती. नवा तंगूस थेट रिळालाच बांधलेला होता. गाठ ओली होती, आणि पीळ उलटा.

“लावरेन...” बाबा एवढंच म्हणाले.

“जाळा ते,” आई म्हणाली. “एक दिलाय मी पाण्याला. दुसरा द्यायचा नाही.”

“सकाळी जाळतो.”

सकाळी फळीवर रीळ नव्हतं. जमिनीवरचा ढीगही नव्हता. घरात बाबा नव्हते, धक्क्याला होडी नव्हती.

आता दुपार झाली. आई घरात देवाच्या तसबिरींपुढे उभी आहे, मी धक्क्यावर बसलेय. धुकं उठलेलं नाही. उरलेला गुंडा मांडीवर आहे, पेन्सिल अजून त्यातच आहे. कापलेलं टोक मी मुठीत घट्ट धरलंय; ते कशालाच बांधलेलं नाही.

गुंडा आत्ताच एकदा फिरला.